बोचकं फेकायची घाई कुणाला?

घटस्थापनेआधी मराठवाड्यात ‘दसरा काढतात’. घर झाडून निघतं, भांडी घासली जातात आणि घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं धुऊन उन्हात पडतात. नांदेडला हे धुणं गोदावरीच्या घाटांवर जायचं, लातूरकडे मांजरा-तेरणेच्या काठाला. आता ते बहुतेक गच्चीवर, टाकीतल्या पाण्याचा अंदाज घेत उरकतं. याच धांदलीत माळ्यावरून किंवा लोखंडी पेटीच्या तळातून एक बोचकं खाली येतं. त्यात काठाने शिवलेली आणि मधे मोकळी राहिलेली गोधडी असते, पाठ तयार पण बाह्यांचा पत्ता नाही असा स्वेटर असतो, क्रोशाच्या तोरणाची चार सुटी फुलं असतात. बोचक्याची गाठ सुटायच्या आत निकाल लागतो : ‘‘आई, वीस वर्षं झाली की याला. आता काय व्हायचंय त्याचं? टाकून दे.’’

निकाल देणारा बहुधा पुण्याहून सुटीला आलेला असतो. त्याचं म्हणणं नीट मांडायला हवं, कारण ते आता त्याच्या एकट्याचं राहिलेलं नाही. शेजारच्या काकू तेच म्हणतात, आवराआवरीचे व्हिडिओ बघणारी सूनही तेच म्हणते. जागा महाग, घर लहान. वर्षभरात ज्याला हात लागला नाही, त्याची घराला गरज नाही. बाजारात ब्लँकेट स्वस्त मिळतं. बाईच्या वेळेला किंमत आहे (ही गोष्ट घरातल्यांना नेमकी याच कामाच्या वेळी आठवते, भाकरी थापताना आठवत नाही). डोळे अधू झाले, पाठ धरते, मग जुनं उकरून काढायचं कशाला? ते सुईदोऱ्याचं काम नाहीच, नुसतं गेल्या दिवसांना कवटाळणं आहे. आणि सगळ्यात झोंबणारं कलम शेवटी, हसत हसत : तुझं कुठलं काम कधी पुरं झालंय?

या शेवटच्या कलमापासूनच सुरुवात केलेली बरी, कारण बाकी सगळी त्याच्याच जिवावर उभी आहेत.

गोधडी हे उन्हाळ्याचं काम. रब्बीची ज्वारी आणि हरभरा घरात आला, की मृगाच्या पावसापर्यंत शेतात फारसं काही नसतं. त्या दीड-दोन महिन्यांतून लग्नसराई वजा करायची, पाण्याच्या खेपा वजा करायच्या, आणि उरलेल्या दुपारी ओसरीवर जुनी लुगडी, धोतरं, विटलेले सदरे एकावर एक अंथरायचे. चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, लांब सुई घ्यायची, शेजारणीला हाक मारायची. धावदोरा काठापासून निघतो. मृगाचा पाऊस आला, की सुई तिथेच खोचून सगळं गुंडाळून ठेवायचं. मग पेरणी, खुरपणी, लातूर जिल्ह्यात सोयाबीनची काढणी, नांदेडच्या काळ्या रानात कापसाची वेचणी. कंधार, लोहा, मुखेड या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली कित्येक कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणजे जिथे टाका थांबला तिथे पुन्हा सुई लागायला सरळ दहा महिने जातात. हा खंड बाईच्या स्वभावात नाही, पिकांच्या वेळापत्रकात आहे. वर्षातून सहा आठवडे चालणाऱ्या कामाला बारा महिन्यांचा हिशेब लावायचा आणि वर ‘पुरं होत नाही’ म्हणायचं, हा कुठला न्याय?

शहरातल्या बाईचं रान नसतं, पण तिचीही दुपार तिच्या मालकीची नसते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात, घरकाम करणारे पुरुष 97. आणि हे घरकाम करणारे पुरुष म्हणजे पाहणीतल्या पुरुषांपैकी जेमतेम 26 टक्के, बायका मात्र 81 टक्के. रोजच्या पाच तासांच्या उष्ट्या-खरकट्यातून, शिवाय लेकरं-म्हातारे सांभाळून, ज्या कामासाठी वेळ चोरावा लागतो ते तुटक-तुटकच होणार. ज्या माणसाला त्याच घरात सलग तीन तास क्रिकेटचा सामना बघायला मिळतो, त्याने चिकाटीवर प्रवचन द्यावं?

काही खंड तर याहून मोठे असतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली तेव्हा आदल्या रात्रीच्या गणपती विसर्जनाहून परतून माणसं नुकतीच झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती त्यांच्यावर कोसळल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारोंनी माणसं गेली, पुढे 52 गावं नव्या जागी वसवावी लागली, आणि त्या नव्या घरांत राहायला जाईपर्यंत लोकांची वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये निघाली. त्या भागातल्या एखाद्या पेटीत 1993 च्या उन्हाळ्यातली गोधडी निघाली, तर तिला ‘तीस वर्षं रखडलेलं काम’ म्हणायचं का?

आता हिशेबाची गोष्ट. लातूरचा पोरगा हिशेबात कच्चा नसतो. ‘लातूर पॅटर्न’ने दोन-तीन पिढ्यांना अभ्यासक्रम मुदतीत संपवायचा, उजळणी करायची, पुन्हा पुन्हा सराव परीक्षा द्यायच्या, ही शिस्त लावली. राज्यभरातून पोरं शिकवण्यांसाठी लातूर-नांदेडला येऊन खोल्या करून राहतात. (त्यातल्या अनेकांच्या वळकटीत गोधडीच असते, पण ते असो.) या शिस्तीने डॉक्टर-इंजिनिअर घडले, यात वाद नाही. पण तीच फूटपट्टी आईच्या बोचक्याला लावायची, तर निदान गणित तरी बरोबर करावं. पाच फूट बाय सात फुटांची गोधडी धरू. क्षेत्रफळ 35 चौरस फूट. चारही बाजूंनी फूटभर आत शिवण आली आहे आणि मधला सगळा भाग मोकळा दिसतो आहे. बघणाऱ्याला वाटतं, आत्ताशी कुठे काठ झालाय. मधला मोकळा भाग तीन बाय पाच, म्हणजे 15 चौरस फूट. झालेलं काम 20. सत्तावन्न टक्के काम उरकलेलं आहे! जी वस्तू निम्म्याहून जास्त तयार आहे तिला ‘सुरूच झाली नाही’ म्हणून फेकायला निघालेला अभियंता बांधकामाच्या जागेवर काय दिवे लावत असेल?

या काठाकडून मध्याकडे जाण्यात या कामाची सगळी अक्कल भरलेली आहे. काठ आधी बंद झाला की थर सरकत नाहीत. म्हणून गुंडाळून ठेवली तरी बिघडत नाही, वेळ पडली तर तशीच अंथरता येते. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका त्यांची कवंदी अशीच बाहेरून आत शिवतात. उदगीर-देवणीच्या पलीकडे, बीदरच्या बाजूला तिचीच बहीण कौदी म्हणून ओळखली जाते. हे तंत्र अडथळ्यांसकट काम चालावं असंच आहे. शिवाय एकीने सोडलेला फेरा दुसरीला उचलता येतो. सासूचा टाका बारीक, सुनेचा लांब, एवढाच काय तो फरक गोधडीवर दिसतो. तो दिसला म्हणून कुणाची थंडी वाढल्याचं ऐकिवात नाही.

‘‘बाजारात ब्लँकेट मिळतं की.’’ मिळतं ना. पानिपत हे जुन्या लोकरी-अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या चिंध्या पिंजून त्यांचं सूत काढणारं जगातलं मोठं केंद्र आहे, आपत्तीनंतर वाटली जाणारी करडी ब्लँकेटं मुख्यतः तिथली. म्हणजे जगाच्या चिंध्यांचं पांघरूण विकत आणायला लाज वाटत नाही, स्वतःच्या आजीच्या लुगड्याची मात्र वाटते. त्यानंतर आलं ते गुळगुळीत, वाघ किंवा गुलाब छापलेलं पॉलिस्टरचं ब्लँकेट. मराठवाड्यात खरी थंडी डिसेंबर-जानेवारीतल्या काही आठवड्यांची. बाकी वर्षभर पहाटेचा गारवा आणि एरवी उकाडा. त्या हवेला सुती थर लागतात, घाम पिणारे, धुतले की मऊ पडणारे. पॉलिस्टर इथे मार्चमध्येच नकोसं होतं. पण अतिथीगृहासारखा पलंग दिसला पाहिजे ना!

आणि बोचक्यातलं कापड तरी कुठून आणणार? त्या अर्ध्या गोधडीत जे थर आहेत ते सुती नऊवारीचे, इरकली काठाचे, जाड धोतरांचे. नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडली. ‘नांदेड-44’सारखं कापसाचं नामांकित संकरित वाण ज्या गावच्या संशोधन केंद्राने दिलं, राष्ट्रध्वजाची खादी ज्या जिल्ह्यांत विणली-शिवली जाते (कापड उदगीरला, ध्वज नांदेडला, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत), त्या मुलखातल्या घरोघरी आता साड्या कृत्रिम धाग्याच्या आहेत. त्यांचे थर सुईखाली निसटतात, धुतल्यावर पाणी पीत नाहीत, अंगावर चिकटतात. नवी गोधडी शिवायला बसणाऱ्या कुणालाही विचारा, पहिली अडचण सुती जुनेऱ्याची सांगतील. वीस वर्षांपूर्वीचं अर्धं काम फेकणं म्हणजे वीस वर्षांपूर्वीचा कच्चा माल फेकणं. तो आज दुकानात पैसे देऊनही मिळत नाही.

एमबीए झालेला जावई इथे तोंड घालतो. त्याच्याकडे बुडीत खर्चाचा सिद्धांत असतो : घातलेला वेळ गेला, त्यासाठी आणखी वेळ घालू नये. 1985 साली आर्क्स आणि ब्लूमर या अमेरिकी संशोधकांनी नाटकाच्या हंगामी तिकिटांवर प्रयोग करून दाखवलं, की पूर्ण पैसे भरलेली माणसं सवलतीत तिकीट मिळालेल्यांपेक्षा जास्त वेळा नाटकाला जातात. तिकिटाचे पैसे दोघांचेही गेलेलेच. सिद्धांत खरा आहे. पण तो सांगतो ते इतकंच, की मागचं विसरा आणि पुढचं बघा. मग बघा की! पुढे काय लागणार आहे? दोऱ्याची चार रिळं आणि पंधरा चौरस फूट शिवण. बदल्यात मिळणार एक अख्खं पांघरूण. मागचा खर्च शून्य धरला तरी व्यवहार फायद्याचाच ठरतो. सिद्धांत अर्धा वाचून दुसऱ्याच्या अर्ध्या कामावर बोट ठेवणं यालाच म्हणतात.

राहिली आवराआवरीची चळवळ. जपानच्या मारी कोंडो यांचं पुस्तक जगभर खपलं. जी वस्तू हातात धरून आनंद होत नाही ती घराबाहेर काढा, हा त्यांचा मंत्र. 2023 च्या सुरुवातीला, तिसरं मूल झाल्यावर, आपण घर टापटीप ठेवणं बऱ्यापैकी सोडून दिलं आहे, असं त्यांनीच जाहीर केलं. त्यांना दोष नाही, तीन लेकरांच्या घरात दुसरं काय होणार. गंमत आपल्याकडच्या शिष्यांची वाटते. गुरूने पातळ केलेला नियम ते अजून कडक पाळतात, तोही फक्त आईच्या पेटीपुरता. त्याच घरात कपडे वाळत घालायला उरलेलं व्यायामाचं यंत्र आहे, ‘नीट’ परीक्षेच्या तयारीची 3 वर्षांपूर्वीची गठ्ठाभर पुस्तकं आहेत, बंद पडलेले चार मोबाइल आणि त्यांचे खोके आहेत. यातल्या कशावरही दसऱ्याला निकाल लागत नाही. आणि ज्या जपानचा हवाला दिला जातो, त्याच देशाच्या उत्तर भागातल्या गरीब शेतकऱ्यांची बोरो नावाची ठिगळांवर ठिगळं लावलेली, पिढ्यान्‌पिढ्या शिवत राहिलेली वस्त्रं आज संग्रहालयांत जपून ठेवली आहेत.

स्वच्छतेचा मुद्दा काढणाऱ्यांना एक आठवण. चिंध्यांची गोधडी अंगावर घेऊन फिरणाऱ्या गाडगेबाबांना लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत. हातात खराटा, अंगावर ठिगळं. महाराष्ट्र सरकारने 2000-01 पासून ग्रामस्वच्छता अभियान चालवलं ते त्यांच्याच नावाने. ठिगळ म्हणजे घाण, हे समीकरण निदान या राज्यात तरी चालू नये. खरं तर ते स्वच्छतेचं समीकरण नाहीच. ठिगळ म्हणजे गरिबी, आणि गरिबी आता आपल्या घरात नाही हे शेजाऱ्यांना दिसलं पाहिजे, एवढंच त्याच्या मुळाशी आहे.

याच लाजेची दुसरी बाजू म्हणजे कौतुक करणारे. ते गोधडी फेकू देत नाहीत, भिंतीवर लावतात. पुण्या-मुंबईच्या दुकानांत गोधडी हजारांच्या भावाने विकली जाते, गीता खंडेलवाल यांच्यासारख्या जाणकार बाईंनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर देखणं पुस्तक केलं, अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या गावच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात टांगल्या गेल्या. हे सगळं चांगलंच झालं. पण त्यातून ‘वारसा’ हा शब्द उचलून घरी येणाऱ्यांची एक नवीच सूचना असते : आहे तशीच ठेवा, हात लावू नका, अर्धवटपणातच मजा आहे. म्हणजे फेकणारा म्हणतो संपली, मिरवणारा म्हणतो थांबली. सुई हातात घ्यायला दोघेही तयार नाहीत, आणि घेणारीला दोघेही घेऊ देत नाहीत.

विणकामाचं प्रकरण वेगळं आहे, आणि इथे थोडं झुकतं माप विरोधकांना द्यायला हरकत नाही. स्वेटर गोधडीसारखा समजूतदार नसतो. तो खालून वर चढतो, मुंड्याला पोहोचला की घटवायचे टाके मोजावे लागतात. मधे वर्षं गेली की नमुना आठवत नाही, काठाला 12 नंबरच्या सुया होत्या आणि अंगाला 10 नंबरच्या, की दोन्हीकडे एकच, हे कळत नाही. हातही बदललेला असतो. पूर्वीची वीण घट्ट, आताची सैल. आणि ज्या लेकरासाठी घातला ते आता दाढी करतं. रुखवतात मांडायला म्हणून घेतलेलं काम तर लग्न लागलं त्याच दिवशी मुदतबाह्य झालं. आता रुखवत तयार विकत आणता येतं, भाड्यानेही मिळतं. शिवाय हिवाळा आला की तिबेटी विक्रेत्यांची पालं लागतात, लुधियानाचा स्वेटर घासाघीस करून घेता येतो.

म्हणून फेकायचा? विणकामात उसवण्याची सोय आहे. शिलाईचं कापड एकदा कापलं की कापलं, विणलेलं मात्र एक टोक ओढलं की पुन्हा धागा होतं. उसवायचं, लोकरीची लड करायची, धुऊन खाली वजन बांधून वाळवायची, की वाकडेपणा बराचसा जातो. पाठीएवढ्या लोकरीत नातवाची टोपी आणि मोजे सहज होतात. कसर लागलेली किंवा वाळवीने खाल्लेली वस्तू निराळी. गोधडीला तेवढं झालं असेल तर तिचं पोतेरं करावं, त्यावर कुणी अश्रू ढाळायला सांगत नाही. बाकीच्यांवर मात्र बसून निर्णय घ्यावा लागतो : हे शिवायचं, हे उसवायचं, हे धाकट्या जावेला द्यायचं, तिला क्रोशा येतो. परतणं म्हणजे हे निवडणं. यात कवटाळणं कुठे आलं? कवटाळणारी बाई पेटी उघडून वास घेते आणि बंद करते. परतणारी चष्मा लावून टाके मोजते.

माणूस सोडलेल्या कामाकडे का वळतो, याची तपासणीही झालेली आहे. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या विद्यार्थिनी मारिया ओव्हसियांकिना यांनी 1928 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना छोटी कामं दिली आणि मधेच तोडली. कुणी सांगितलं नव्हतं, बक्षीस नव्हतं, तरी मोकळीक मिळताच बहुतेक जण त्या कामाकडे परत गेले. अडलेल्या कामाची ओढ ही साठीतल्या बायांची खोड नव्हे. फरक एवढाच, की बर्लिनच्या त्या माणसांना मोकळीक काही मिनिटांत मिळाली. नांदेडच्या बाईला ती नोकरीतून किंवा शेतातून सुटल्यावर, मुलांची लग्नं झाल्यावर, सासूचं आजारपण सरल्यावर मिळते. नेमक्या त्याच वेळी तिला सांगायचं, की आता उशीर झाला?

डोळ्यांची आणि पाठीची काळजी खरी असेल, तर तिच्यावर उपाय आहेत. चांगल्या उजेडाचा दिवा दोन-तीनशे रुपयांत येतो. खाली बसवत नसेल तर पलंगावर अंथरून शिवता येतं. अगदीच हात चालत नसेल, तर लातूर-नांदेडच्या गल्ल्यांतून गोधड्या शिवून देणाऱ्या बाया फिरतात, त्या दर ठरवून उरलेले फेरे पुरे करून देतात, आणि त्यांच्याही घरी चूल आहे. यातलं काहीच न करता फक्त ‘टाकून दे’ म्हणणं ही काळजी नव्हे. ती माळ्यावरच्या दोन फूट जागेची मागणी आहे, तशीच मागावी.

आणि पुरं होण्याचीच एवढी निकड ज्याला वाटते, त्याच्यासाठी रस्ता अगदी सोपा आहे. 299 आणि 97 मधला फरक 202 मिनिटांचा आहे. त्यातला निम्मा रोज स्वतःकडे घ्यावा : संध्याकाळची भाजी, भांडी, आजोबांची औषधं. उरलेले पंधरा चौरस फूट पुढच्या मृगाच्या आत शिवून होतील. नसेल जमत, तर बोचक्याची गाठ त्याने बांधलेली नाही, ती सोडायची की पुन्हा बांधून माळ्यावर टाकायची हे ज्या बाईने पहिला टाका घातला तीच ठरवेल, आणि तिला पुढचा दसराही चालेल.